७१ अंशांचा थर्मोस्टॅट बसवला आणि दोन महिन्यांनी काढला

वाद सुरू झाला ट्रॅकच्या पिटमध्ये. दुसऱ्या सेशनच्या चौथ्या लॅपला कूलंट, म्हणजे इंजिनमधून फिरून त्याला थंड ठेवणारं पाणी, १०४ अंशांवर गेलं, म्हणून मी पुढची लॅप हळू मारली आणि गाडी आत आणली. बॉनेट उघडलं, इंजिन चालूच ठेवलं आणि पंख्याला त्याचं काम करू दिलं. हवा ३८ अंशांची होती. भाऊ रेडिएटरवर वाकून बघत म्हणाला, "ताई, ७१ चा थर्मोस्टॅट बसव. सगळे तेच करतात. नाहीतर सरळ काढूनच टाक." थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या तापमानाला उघडून कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप.

गाडी आम्हा दोघांची मिळून आहे. दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, १.८ लिटर इंजिन. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी तो मधोमध शांत उभा. तो हलला तोवर उशीर झालेला असतो. म्हणून गाडीच्या संगणकातली माहिती वाचायच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून मी कूलंटचा आकडा फोनवर लॉग करते, आणि ऑइल फिल्टरच्या बुडाशी ऑइलच्या तापमानाचा वेगळा सेन्सर बसवून घेतला आहे. पुढे जे सांगते आहे त्यातले माझ्या गाडीचे आकडे या दोन ठिकाणांहून आलेले आहेत.

भावाचं म्हणणं ऐकायला अगदी सरळ वाटतं. कंपनीचा थर्मोस्टॅट ८८ ला उघडतो, म्हणून इंजिन गरम. ७१ ला उघडणारा लावला की इंजिन थंड. मलाही तेव्हा पटलं. १६० फॅरनहाइटचा म्हणून जो विकतात तोच हा ७१ अंशांचा. आठवड्याभरात तो घरी आला.

बसवण्याआधी दोन्ही शेजारी शेजारी तपासायचे असं मी ठरवलं. हे काम कुणालाही घरी करता येतं आणि थर्मोस्टॅट कळायला याच्यासारखा मार्ग नाही. एक मोठं स्टीलचं पातेलं, पाणी, थर्मामीटर आणि दोरा. थर्मोस्टॅटची झडप बोटांनी जोर लावून किंचित उघडायची, फटीत दोरा धरायचा आणि सोडून द्यायची. स्प्रिंग दोरा घट्ट पकडून ठेवते. मग त्याच दोऱ्यावर तो पाण्यात लोंबकळत सोडायचा, बुडाला लागू द्यायचा नाही, कारण बूड पाण्यापेक्षा जास्त तापलेलं असतं. पाणी हळूहळू तापवायचं आणि ढवळत राहायचं. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. त्या क्षणी थर्मामीटर वाचायचा.

७१ चा पडला ७० ला. ८८ चा जुना पडला ८७ ला. इथवर सगळं ठप्प्याप्रमाणे. पण खाली पडल्यावर मी पाणी तापवत राहिले आणि झडपेकडे बघत बसले, आणि खरं काय ते तिथे दिसलं. दोरा सुटतो तेव्हा झडप जेमतेम नखाएवढी उघडलेली असते. पूर्ण उघडायला पुढचे बारा-तेरा अंश जावे लागले. ७१ चा ८३ ला पूर्ण उघडला, ८८ चा ९९ ला. मग गॅस बंद केला, तर निवताना दोघेही उघडताना होते त्यापेक्षा काही अंश खाली जाऊन मिटले. म्हणजे अंगावर छापलेला आकडा ही फक्त सुरुवात आहे. थर्मोस्टॅट विजेच्या बटणासारखा चालू-बंद होत नाही, तो पाण्याच्या नळासारखा थोडा थोडा सुटत जातो.

आतली रचना मला फार आवडते. पितळेच्या छोट्या कुपीत मेण भरलेलं असतं, उष्णता लवकर पसरावी म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात. मेण वितळताना फुगतं आणि मधली दांडी बाहेर ढकलतं. दांडी अडकलेली असते वरच्या कमानीत, त्यामुळे कुपीच खाली सरकते आणि झडपेला स्प्रिंगच्या विरुद्ध ओढून नेते. कोणतं मेण भरलं यावर आकडा ठरतो. वीज नाही, वायर नाही, वर्षानुवर्षं हेच चालतं.

तर या नळाचं काम काय? इंजिन किमान अमुक इतकं गरम राहील हे बघणं. थर्मोस्टॅट खालची हद्द राखतो. वरची हद्द त्याच्या हातात नाही. ती रेडिएटर, पंखा, पंप आणि रेडिएटरमधून जाणारी हवा ठरवतात. माझ्या लॉगमध्ये ट्रॅकवर १०४ दिसत होते. ८८ चा माझा थर्मोस्टॅट ९९ ला पूर्ण उघडतो हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे १०४ ला तो केव्हाच पूर्ण उघडा होता, त्याच्याकडे देण्यासारखं काही उरलं नव्हतं. नळ पूर्ण सोडलेला असताना दुसऱ्या कंपनीचा नळ लावून पाणी वाढत नाही.

हे पातेल्यासमोर उभी असतानाच माझ्या डोक्यात आलं होतं. तरीही मी ७१ चा बसवला, कारण गणित करणं वेगळं आणि आपल्याच गाडीचा लॉग बघणं वेगळं.

बसवायला फारसं अवघड नाही. रेडिएटरचा वरचा होज काढला, थर्मोस्टॅटच्या घराचे, म्हणजे हाउसिंगचे, दोन बोल्ट सोडले, जुना गॅस्केट खरवडून पृष्ठभाग स्वच्छ केला. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनचा भाग, अॅल्युमिनियमचं आहे, तिथे खरवडायला लोखंडी पातं वापरू नका, ओरखडा पडला की गळती ठरलेली. थर्मोस्टॅटला कडेला एक बारीक भोक असतं आणि त्यात हलणारी छोटी पिन असते. ते भोक वरच्या बाजूलाच यायला हवं, तिथून हवा निघून जाते. हवा अडकली तर तापमान वेड्यासारखं वर-खाली होतं आणि माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो.

पुढच्या ट्रॅक दिवशी हवा आणि टायर जवळजवळ तेच, आणि चालवणारीही मीच. सुरुवात झाली ७६ ला, आधी ९० ला व्हायची. पहिल्या लॅपला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या लॅपला ८९. तिसरीला ९७. पाचव्या लॅपला १०४. आधी चौथ्या लॅपला जिथे पोचले होते तिथेच एक लॅप उशिरा पोचले.

असं का झालं ते समजून घेण्यासारखं आहे. रेडिएटर किती उष्णता टाकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. हवा ३८ आणि कूलंट १०४ असेल तर फरक ६६ अंशांचा. तेच कूलंट ७५ ला ठेवायचं म्हटलं तर फरक उरतो ३७ अंशांचा. तोच रेडिएटर, तोच वारा, पण उष्णता टाकली जाणार निम्म्याहून जेमतेम जास्त. पूर्ण थ्रॉटलला इंजिन तर तेवढीच उष्णता कूलंटमध्ये ओतत राहणार. मग तापमान चढत चढत तिथवर जातं जिथे आत येणारी आणि बाहेर जाणारी उष्णता सारखी होते, आणि ती जागा थर्मोस्टॅटला विचारून ठरत नाही. ट्रॅकवर ७५ अंश हवेच असतील तर मला जवळजवळ पावणेदोन पट रेडिएटर लागेल. थर्मोस्टॅटने मिळाली ती फक्त सुरुवातीची पंधरा अंशांची सवलत, आणि सहा लिटर कूलंट ती सवलत किती लवकर खाऊन टाकतं ते मी लॉगमध्ये पाहिलं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. ज्याची शर्यतच चारशे मीटरची आहे, त्याला ही सवलत सोन्यासारखी आहे. काही सेकंदांचा खेळ, थंड इंजिन घेऊन रेषेवर उभं राहायचं, तापायच्या आत संपलं. ट्रॅकवर वीस मिनिटं फिरणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

आता रोजच्या वापराबद्दल, कारण निर्णय खरा तिथेच झाला. गाडी महिन्यातून एकदा ट्रॅकवर जाते, बाकी दिवस मी तीच कामावर नेते, वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता. थंडी सुरू झाली होती. ८८ वर असताना कामावर पोचेपर्यंत ऑइल ८४ च्या आसपास जायचं. ७१ बसवल्यावर ते ६८ च्या पुढे सरकेना. माझ्या इंजिनात ऑइल फिल्टरच्या वर एक छोटा कूलर आहे, त्यातून कूलंट फिरतं. लोक त्याला कूलर म्हणतात, पण सकाळी तो ऑइलला गरम करायचं काम करतो. कूलंटच थंड ठेवलं तर ऑइल कुठून तापणार?

सहा आठवड्यांनी ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पिवळसर पांढरा, सायीसारखा चिकट थर. बोटाला लागला तो पुसून मी बराच वेळ बघत राहिले. हेड गॅस्केट गेला की काय ही पहिली भीती, कारण तोही असाच दिसतो. पण कूलंटची पातळी जागच्या जागी होती, टाकीत बुडबुडे नव्हते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा धूर नव्हता. तो थर पाण्याच्या वाफेचा होता. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, थोडं पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भागात, उतरतं. ऑइल अधूनमधून शंभरीला टेकलं तर ते उडून जातं. ६८ वर ते तिथेच राहतं आणि ऑइलमध्ये मिसळत बसतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वासही येत होता. इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, जास्त पेट्रोल सोडतो, सिलिंडरच्या भिंती थंड असल्या की त्यातलं काही भिंतीवरूनच खाली ओघळतं. ज्या रिंगा आणि बोअर वाचवायला आपण हे सगळं करतो, त्यांच्यावरचाच ऑइलचा थर धुवून जातो. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या नव्या इंजिनांत हा त्रास आणखी वाढतो.

त्याच आठवड्यात चेक इंजिनचा दिवा लागला. कोड पी०१२८, म्हणजे कूलंट अपेक्षित तापमानाला पोचत नाही. गाडी अगदी खरं बोलत होती. हा दिवा लावून फिरणं मला पटत नाही, उद्या खरंच काही बिघडलं तर तोच दिवा वेगळं काय सांगणार?

भावाचा दुसरा पर्याय, थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, मी पहिल्या दिवशीच नाकारला होता, आणि याबद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे कारण हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या टोकाला दुसरी चकती असते. पुढची झडप उघडत जाते तशी ती चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून परत जाणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करत जाते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, आणि कूलंटचा एक हिस्सा रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत फिरतो. अशी गाडी घाटात जास्तच तापते आणि माणसाला कळत नाही का. शिवाय जिथे थर्मोस्टॅट इंजिनातून बाहेर पडण्याच्या वाटेवर असतो, तिथे त्याच्या अडथळ्यामुळे हेडमध्ये दाब टिकून राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा धातू प्रचंड तापलेला असतो, दाब कमी झाला की तिथे कूलंट जागच्या जागी उकळायला लागतं. पाणी फार वेगाने गेलं तर उष्णता घ्यायला वेळ मिळत नाही, हे जे कारण सांगतात ते मात्र चूक आहे. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच उचलली जाते.

७१ चा काढला, ८८ चा नवा बसवला, ऑइल बदललं. मग १०४ चा माग पुढून काढायला घेतला. बंपर उतरवला तेव्हा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत वाळलेली पानं, किडे आणि ट्रॅकवरच्या टायरांच्या रबराचे काळे गोळे यांचा अक्षरशः गालिचा होता. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, कारण पुढून दिसतो तो कंडेन्सर. वाकलेले फिन सुईने एकेक सरळ केले, एक संध्याकाळ त्यातच गेली. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंचा फोम कुजून गळून पडला होता, हवा मधून जाण्याऐवजी कडेने पळत होती. तिथे नवा फोम चिकटवला.

आणि खालचा प्लास्टिकचा ट्रे! तो नव्हताच. आमच्या आधी कुणीतरी ऑइल बदलताना काढला असणार आणि पुन्हा लावलाच नाही. तो ट्रे चिखल अडवायला आहे असं मीही समजत होते. खरं तर वेगात असताना तो बंपरखालून आलेली हवा इंजिनच्या खाली घुसू देत नाही, त्यामुळे रेडिएटरच्या मागे दाब कमी राहतो आणि पुढची हवा आत ओढली जाते. ट्रे नसेल तर मागेही हवा भरते, मग पुढची हवा जाणार कुठे? या गाडीत हा ट्रे नसणं म्हणजे वेगात गरम होण्याचं जुनं आणि ओळखीचं कारण आहे.

पुढचा ट्रॅक दिवस, हवा ३६. तीच ८८ ची झडप, तीच मी. सहा लॅप सलग, आणि आकडा ९६ वर जाऊन थांबला. हवेचे दोन अंश वजा केले तरी सहा अंश कमी, आणि मुख्य म्हणजे तो थांबला. भावाने लॉग दोनदा वर-खाली करून बघितला. "म्हणजे ट्रेच?" एवढंच म्हणाला.

७१ चा कुणीच बसवू नये असं माझं म्हणणं नाही. टर्बो लावून, टायमिंग आणि पंख्यांचे आकडे ईसीयूत नव्याने बसवलेल्या गाडीला थंड हेडचा खरा फायदा होतो, नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकण्याला, जागा कमी मिळते. कॉर्व्हेटवाले करतात त्यातही अर्थ आहे, पण तिथे कंपनीचे पंखे शंभरच्या बरेच वर गेल्यावरच चालू होतात. पंख्यांचे आकडे खाली न आणता फक्त थर्मोस्टॅट बदलला तर रहदारीत गाडी पंख्याच्या आकड्यापर्यंत चढणारच. पोर्शच्या एम९६ आणि एम९७ इंजिनांत बोअरवर ओरखडे पडतात, त्या भीतीने कितीतरी मालक ७१ चा लावतात. उष्ण हवेत नेहमी लांब आणि जोरात चालणारी गाडी असेल, ऑइल नीट तापत असेल, तर मी त्यांना अडवणार नाही. तीच गाडी थंडीत दहा मिनिटांच्या फेऱ्या मारत असेल तर नक्की अडवेन. आणि इंजिन बनवणाऱ्यांनाही ही ओढाताण माहीत आहेच. बीएमडब्ल्यूच्या काही इंजिनांत मेणाच्या कुपीत छोटा हीटर असतो. निवांत चालताना कूलंट शंभरच्या वर ठेवायचं, आणि पूर्ण थ्रॉटल दिला की हीटर मेण तापवतो, झडप लवकर उघडते आणि इंजिन थंड होतं. एका ठरावीक आकड्याच्या मेणाला हे दोन्ही जमत नाही.

माझ्या गाडीत थर्मोस्टॅटबद्दल एक खरा प्रश्न आहे, तो आकड्याचा नसून जागेचा आहे. हे इंजिन मुळात माझदा ३२३ मधलं, तिथे ते आडवं बसवलेलं. तिथे पंप एका टोकाला आणि कूलंट बाहेर पडण्याची वाट हेडच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे ते चारही सिलिंडरवरून जायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं तर ते दुसरं टोक फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीला, भिडलं, म्हणून थर्मोस्टॅट पुढे आणला गेला, पंपाच्याच बाजूला. मागून फक्त केबिनच्या हीटरपुरतं कूलंट बाहेर पडतं. त्यामुळे मागचा, म्हणजे चौथा सिलिंडर सगळ्यात गरम. रस्त्यावर त्याने काही बिघडत नाही, कंपनीने हेड गॅस्केटची भोकं त्या हिशेबाने ठेवली आहेत. ट्रॅकवर मात्र मला त्या चौथ्याची काळजी वाटते. उपाय म्हणजे थर्मोस्टॅट पुन्हा मागे न्यायचा आणि तिथून रेडिएटरपर्यंत नवा होज टाकायचा.

काल संध्याकाळी आम्ही दोघं बॉनेटखाली होतो. हेड आणि फायरवॉलच्या मध्ये माझा हात मनगटापर्यंत जातो, भावाचा जात नाही. म्हणजे मागचे बोल्ट मलाच सोडायचे आहेत. नव्या हाउसिंगसाठी ८२ चा थर्मोस्टॅट आणून ठेवला आहे, अजून पातेल्यात घातलेला नाही.